दादाची डफरीन

१९५५ साल. मी सहा वर्षांची होते, आणि घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, डफरीन. डफरीनची परीक्षा, डफरीनचं पत्र, डफरीनची फी. सोलापूरला आमची आत्या राहायची. तिच्या गावात डफरीन नावाचा बायकांचा दवाखाना, आणि त्यावरून डफरीन चौक. ‘दादा डफरीनला लागला’ असं वडिलांनी तिला कार्डावर कळवलं, तर उलट टपाली तिचं उत्तर आलं की बायकांच्या दवाखान्यात पोराला कसली नोकरी मिळाली, आणि मिळालीच आहे तर पगार किती? ते पोस्टकार्ड दादाने अजून जपून ठेवलं आहे.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आता सत्त्याऐंशीचा आहे, नेरूळला मुलीकडे राहतो. कानाने कमी ऐकू येतं, गुडघे दुखतात, पण सकाळी साडेपाचला उठून स्वतःची गादी स्वतः घडी करून ठेवतो. चादरीच्या कडा अशा जुळलेल्या असतात की इस्त्रीवाल्याने शिकून जावं. नातसून एकदा म्हणाली, "आबा, राहू द्या ना, मी करते." तर म्हणाला, "डफरीनवर शिकलोय, आता सुटायचं नाही."

गेल्या वर्षी नेरूळच्या ‘चाणक्य’च्या आवारात काही जुने विद्यार्थी जमणार होते. दादाला एकट्याला पाठवायला कोणी तयार नव्हतं, म्हणून सोबत मी गेले. (सत्त्याऐंशीच्या माणसाला सांभाळायला सत्त्याहत्तरीकडे निघालेली बहीण! असो.) परत येताना रिक्षात तो म्हणाला, "आयुष्य फार छान गेलं गं. काही राहिलं नाही."

मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. इतिहासाच्या मास्तरणीपुढे कोणी असं सरळसोट विधान केलं की तिला पुरावे मागितल्याशिवाय चैन पडत नाही. तिथून पुढचे तीन-चार महिने मी त्याला दर रविवारी छळलं. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडते आहे. घरातल्या धाकट्यांना हे माहीत असावं हा एक हेतू. दुसरा हेतू असा, की मी इतकी वर्षं जो इतिहास शिकवला त्यात याची एक ओळही नव्हती, आणि ती मला कधी खटकलीही नव्हती.

एप्रिल १९१९ घ्या. ६ एप्रिलला रौलट कायद्याविरुद्ध हरताळ, १३ एप्रिलला जालियनवाला बाग. या दोन तारखा मी मुलांकडून घोकून घेतल्या. पण त्याच्या आदल्याच दिवशी, ५ एप्रिलला, मुंबई बंदरातून ‘लॉयल्टी’ नावाची बोट लंडनला निघाली, हे कुठल्या धड्यात होतं? हिंदी मालकीच्या कंपनीची बोट विलायतेच्या मार्गावर निघाली होती. कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. तिच्यामागे आपले सोलापूरचे वालचंद हिराचंद, मुंबईचे नरोत्तम मोरारजी अशी मंडळी होती. बोट ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतलेली, महायुद्धात तिचा तरंगता दवाखाना केलेला होता. सबंध देशाचा समुद्री व्यापार इंग्रज कंपन्यांच्या मुठीत असताना हे धाडस म्हणजे वाघाच्या गुहेत शिरण्यासारखंच. तो ५ एप्रिल १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. शाळेत आम्ही कसकसले दिन पाळले, हा मात्र कधी पाळला नाही.

पण गंमत अशी, की मालक हिंदी, भांडवल हिंदी, आणि बोट चालवणारे साहेब? ते गोरेच. कारण बोटीवर अधिकारी व्हायचं तर प्रमाणपत्र हवं, त्यासाठी आधी शिकाऊ म्हणून बोटीवर काम केलेलं हवं, आणि इंग्रज कंपन्या हिंदी मुलाला शिकाऊ म्हणून घेत नसत. हिंदी मुलं या कामात टिकतील का, अशी शंका तेव्हा उघड बोलली जायची. शंका कोणाबद्दल? तर ज्यांच्या आज्या-पणज्यांपासून कोकणातली घरंच्या घरं समुद्रावर पोट भरत आली, त्या देशाबद्दल. इंग्रजांच्या बोटींवर खालचं काम करायला रत्नागिरी-कुलाब्याचे खलाशी चालत होते, स्वयंपाकाला आणि वाढायला गोव्याचे चालत होते. सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी, टोपास हे सगळे आपले. फक्त ब्रिजवर उभा राहून हुकूम देणारा आपला नको!

१९२२ साली सर शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती विधिमंडळात याविषयी ठराव मांडला. १९२३ साली कॅप्टन हेडलम यांची समिती नेमली गेली. समितीने सुचवलं की हिंदी मुलांना अधिकारी करण्यासाठी एक शिक्षणनौका असावी. त्यातून १९२७ च्या अखेरीस ‘डफरीन’ सुरू झाली.

ही मूळची सैन्याची ने-आण करणारी बोट, १९०४ साली इंग्लंडात बांधलेली. तिचं वय झालं तेव्हा तिला माझगावच्या धक्क्यासमोर नांगरून शाळा केली. नाव लॉर्ड डफरीनचं, जो १८८४ ते १८८८ व्हाइसरॉय होता. याच्याच काळात काँग्रेस जन्मली, आणि जाता जाता यानेच काँग्रेसवाल्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शोधावी लागेल एवढी मूठभर मंडळी म्हणून हिणवलं. त्याच्या नावाच्या बोटीवर हिंदी कप्तान तयार झाले! नियतीलाही विनोदबुद्धी असते म्हणायची. पहिल्याच तुकडीत रामदास कटारी नावाचा मुलगा होता. २२ एप्रिल १९५८ रोजी तो भारतीय नौदलाचा पहिला हिंदी प्रमुख झाला. होय, १९५८. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं आपल्या नौदलाच्या प्रमुखपदी इंग्रज माणूसच होता. मला हे दादाने सांगितलं तेव्हा मी पुस्तक काढून खात्री करून घेतली. दादा तेव्हा एका मालवाहू बोटीवर शिकाऊ होता. बातमी कळली तेव्हा बोटीवरच्या डफरीनच्या तिघांनी मिळून जेवताना एक जास्तीचं पुडिंग मागून घेतलं, एवढाच काय तो समारंभ.

तर दादा डफरीनवर गेला कसा?

आमचं गाव रेवसच्या बाजूचं, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. वडील शाळेत कारकून. दादा अलिबागला शिकायला होता, गणित चांगलं. तिथल्या एका शिक्षकांनी त्याला वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवली. वडील एका पायावर तयार झाले. आई मात्र हटून बसली. तिला हटून बसायला कारण होतं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. पावसाळ्याचे दिवस, खवळलेला समुद्र, पाणी आत आलं म्हणून लोक एका अंगाला धावले, आणि बोट कलंडली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईत बातमी कळायलाच कित्येक तास गेले. त्या बोटीत माझा धाकटा मामा होता. बाविसाव्या वर्षी गेला, सापडला नाही. आईने त्यानंतर समुद्राकडे तोंड करून बसणंही सोडलं होतं. मुंबईला जायचं तर ती पनवेलवरून मोटारीने जायची, दिवस मोडला तरी चालेल म्हणायची.

दादाने तिची समजूत कशी घातली ते मी पूर्वी कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. म्हणाला, "मी काही समजूत घातली नाही. मी तिला म्हटलं, मामाच्या बोटीवर माणसं जास्त होती की जाकिटं जास्त होती, हे मोजणारा कोणी असता तर? मला ते मोजायला शिकायचंय." नऊ वर्षांच्या वयात मामा गेलेला त्याने पाहिला होता. हे त्याच्या डोक्यात होतं हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

आई गप्प झाली. तयार झाली असं नाही म्हणता येणार, गप्प झाली. वडिलांनी एक भाताचं खाचर गहाण टाकलं.

मग कपड्यांची यादी आली. ती इंग्रजीत. वडील ती घेऊन हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तरांनी अर्ध्या शब्दांचे अर्थ सांगितले, उरलेल्या अर्ध्यांना ‘हा काहीतरी कपडाच आहे’ म्हणाले. अलिबागच्या शिंप्याने पांढऱ्या पाटलोणी शिवल्या त्या इतक्या ढगळ, की पहिल्याच तपासणीत दादाला रांगेतून बाहेर काढलं. एका पंजाबी मुलाने रात्री बसून त्या टाचून दिल्या. तो पुढे दादाचा जन्माचा मित्र झाला, गेल्या दिवाळीपर्यंत दोघांचे फोन चालू होते.

पहाटे उठायचं, अनवाणी पायांनी डेक घासायचा, पाणी मारायचं. झोपायला झोळीसारखे हॅमॉक, सकाळी ते ठराविक वेढ्यांनी बांधून रचून ठेवायचे. दोरीच्या गाठी, वल्ही मारणं, निशाणांची भाषा, मोर्स, तारे ओळखणं, सेक्स्टंटने सूर्याची उंची घेऊन आपण कुठे आहोत ते काढणं. काट्याचमच्याने मटार खाताना पहिल्या आठवड्यात उपाशी राहिल्यासारखंच झालं, म्हणतो. बंगाली, मद्रासी, पारशी, शीख, ख्रिस्ती, मुसलमान अशी सगळी मुलं एकत्र. सगळ्यांची इंग्रजी वेगवेगळ्या चालीची. शिक्षा मात्र एकच, डोलकाठीवर चढायचं आणि उतरायचं.

सगळ्यात कठीण काय होतं, मी विचारलं. मला वाटलं घरची आठवण वगैरे म्हणेल. तर म्हणाला, "डेकवरून भाऊचा धक्का दिसायचा. संध्याकाळी रेवसच्या लाँची सुटताना दिसायच्या. त्या बघायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं. रोज बघायचो."

दोन वर्षांनी तो बाहेर पडला. मग काही वर्षं शिकाऊ, मग सेकंड मेटची परीक्षा, मग फर्स्ट मेट, आणि चौतिसाव्या वर्षी मास्टर, म्हणजे आपण ज्याला कप्तान म्हणतो तो. हे सगळं मी भराभर सांगते आहे कारण बढत्यांची यादी कोणाचीही असली तरी कंटाळवाणीच असते. एक सांगते. १९६६ साली अमेरिकेहून गहू भरून येणाऱ्या बोटींपैकी एका बोटीवर दादा होता. ते दिवस आठवणाऱ्यांना आठवत असतील. रेशनचा तो लालसर गहू, त्याच्या चिवट पोळ्या. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला, मॅट्रिकला होते आणि त्या पोळ्यांना नावं ठेवत होते. दादा घरी आला तेव्हा ताटातली पोळी बघून म्हणाला, "ही मी आणलेली दिसतेय." आई हसली. बोटीच्या विषयावर आईला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता त्या माणसाबद्दल सांगते, ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसले.

दादाच्या वयाचाच आमच्या गावातला एक मुलगा. कोकणी मुसलमानाच्या घरातला. दोघं सातवीपर्यंत एका बाकावर बसले, एकाच खाडीत पोहायला शिकले. सातवीनंतर त्याची शाळा सुटली. त्याचा चुलता एका बोटीवर सारंग होता. तेव्हाची पद्धत अशी, की सारंग आपल्या गावची, नात्यातली माणसं जमवून बोटीवर न्यायचा. तो दादाच्या आधी दोन वर्षं समुद्रावर गेला, खलाशी म्हणून. दादा डफरीनला निघाला तेव्हा नेमका तो सुटीवर घरी होता. दादाची लोखंडी ट्रंक त्यानेच डोक्यावर घेऊन लाँचीपर्यंत आणली. जाताना म्हणाला, "तू वर जा, मी खाली हायच."

१९६३ साली दोघं एका बोटीवर आले. दादा थर्ड ऑफिसर. तो सुकाणी, म्हणजे चाक धरणारा. थर्ड ऑफिसरचा पहारा सकाळी आठ ते बारा आणि रात्री आठ ते बारा. त्याच पहाऱ्याला चाकावर तो. म्हणजे दादाने हुकूम द्यायचा, "पोर्ट फाइव्ह", आणि त्याने चाक फिरवत म्हणायचं, "पोर्ट फाइव्ह, साब."

साब! एका बाकावर बसलेला मुलगा.

"पहिल्या दिवशी मला वाटलं तो थट्टा करतोय," दादा म्हणाला. "मग लक्षात आलं, तो थट्टा करत नव्हता. बोटीवर दुसरं काही म्हणता येत नव्हतं. मीही काही म्हटलं नाही."

रात्री ब्रिजवर अंधार असतो, समोरचा समुद्र दिसावा म्हणून दिवे लावत नाहीत. त्या अंधारात दोघं गावच्या भाषेत हळू आवाजात बोलायचे. कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, कोणाची म्हैस मेली, मास्तरांनी कसं बदडलं होतं. जिन्यावर कप्तानाचा पाय वाजला की लगेच "साब". आठ महिने असे गेले. दिवसा मात्र एकमेकांना ओळखही दाखवायचे नाहीत. अधिकाऱ्यांचं जेवण वेगळं, खलाशांचं वेगळं, राहायचं वेगळं. डफरीनवर जशा गाठी शिकवल्या तसं हे अंतरही शिकवलं होतं, आणि ते इंग्रज गेले तरी बोटीवरून उतरलं नव्हतं.

मी विचारलं, "मग नंतर?"

"नंतर काय. तो दुसऱ्या बोटीवर गेला. मी दुसऱ्या. २००३ मध्ये वारला. मी तेव्हा गावी गेलो होतो, त्याच्या मुलांना भेटलो." थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आठ महिन्यांत मी त्याला एकदाही माझ्या केबिनमध्ये बोलावून चहा पाजला नाही. कोणी मला फासावर दिलं नसतं गं."

‘काही राहिलं नाही’ म्हणणाऱ्या माझ्या भावाचं हे एक राहिलेलं निघालं. पुरावे मागितले की असं होतं.

मी या विषयावर शिक्षिकेसारखी विचार करत बसले. डफरीनने हिंदी मुलांसाठी ब्रिजवरचा दरवाजा उघडला हे खरंच, आणि ते काही लहान काम नव्हतं. पण त्या दारातून आत जायला इंग्रजी लागायचं, फी लागायची, गहाण टाकायला खाचर लागायचं. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर गेल्या त्या घरांतल्या किती मुलांना ते जमलं असेल? खलाशांसाठी भविष्यनिर्वाह निधीचा कायदासुद्धा १९६६ साली झाला. त्याआधी कराराचे महिने संपले की माणूस घरी, पुढची बोट मिळेपर्यंत हात हलवत बसायचं. हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "तू बरोबर बोलतेस, पण मला चहाचंच वाटतं."

आता वहिनींबद्दल. वहिनी २०१६ मध्ये गेल्या, तेव्हा त्यांची बाजू मी जशी ऐकली तशी मांडते. त्या काळात पत्रं बोटीच्या पुढच्या बंदरातल्या एजंटच्या पत्त्यावर पाठवायची. पत्र पोचेपर्यंत बोट निघून गेलेली असायची, मग पत्र बोटीच्या मागे बंदरं हिंडायचं. म्हणून प्रत्येक पत्रावर नंबर घालायचा, म्हणजे उलटसुलट मिळाली तरी लावून वाचता येत. वहिनी सातवी झालेल्या. पण इंग्रजी वर्तमानपत्रात बोटी कुठे आल्या, कुठून निघाल्या याचं जे सदर यायचं, त्यासाठी त्या शेजारच्या वकिलांकडे रोज दुपारी पेपर बघायला जायच्या. बंदरांची नावं वाचता वाचता त्या इंग्रजी वाचायला शिकल्या. मुलगा चार वर्षांचा असताना दादा घरी आला, तर त्याने आईला कानात विचारलं, "हे किती दिवस राहणार?" एकदा मी वहिनींना विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं या सगळ्याचं? म्हणाल्या, "सोळा गणपती मी एकटीने बसवले. मोजलेत."

वडील १९६९ च्या नोव्हेंबरात गेले. १९६७ च्या युद्धापासून सुएझ कालवा बंद होता, तो थेट १९७५ च्या जूनमध्ये उघडला. त्यामुळे युरोपला जाणाऱ्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायच्या. दादाची बोट आफ्रिकेच्या पश्चिमेला कुठेतरी होती. रेडिओ ऑफिसरने तार आणून हातात दिली. चुलतभावाने अग्नी दिला. त्या दिवशी बोटीवर, कोणी काही न सांगता, भंडाऱ्याने मासळी शिजवली नाही. सारंग राजापूरकडचा म्हातारा माणूस होता, तो केबिनच्या दाराशी येऊन नुसता उभा राहिला आणि गेला. पंधरा दिवसांनी बोट रॉटरडॅमला लागली. एजंटाने टपालाची पिशवी दिली, त्यात वडिलांचं पत्र होतं. नंबर एकतीस. त्यात लिहिलं होतं की विहिरीचा रहाट मोडला आहे, सुतार वीस रुपये मागतो, तुझं काय मत?

"मी उत्तर लिहिलं," दादा म्हणाला. "लिहिलं, द्या वीस रुपये. आणि पोस्टात टाकलं." ते पत्र घरी आलं तेव्हा मी होते. आईने उघडलं नाही. मी उघडलं.

डफरीन १९७२ साली निवृत्त झाली. तिच्या जागी ‘राजेंद्र’ नावाची नौका आली, ती १९९३ पर्यंत चालली. मग ‘चाणक्य’, तीही ‘ट्रेनिंग शिप’च म्हणवते पण उभी आहे नेरूळच्या जमिनीवर. दादा त्यावर कडवट विनोद करतो. पण त्या दिवशी आवारात आम्ही गेलो तेव्हा पांढऱ्या गणवेशातल्या मुलांच्या रांगेत मुली बघून तो थबकला. एका मुलीने सलाम ठोकून विचारलं, "सर, तुम्ही कुठल्या बॅचचे?" त्याने सांगितलं. तिने मनातल्या मनात हिशेब केला असावा, कारण तिचे डोळे मोठे झाले. दादाने तिला राधिका मेनन माहीत आहेत का विचारलं. तिला अर्थातच माहीत होत्या. भारतीय व्यापारी जहाजावरच्या पहिल्या महिला कॅप्टन. २०१५ साली बंगालच्या उपसागरात वादळात सापडलेल्या सात मच्छीमारांना त्यांच्या बोटीने वाचवलं. "ती खरी कॅप्टन," दादा त्या मुलीला म्हणाला. आपल्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. मीच मग त्या मुलीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बहिणींची कामं असतात ही.

मागच्या महिन्यात त्याने हट्ट धरला की भाऊच्या धक्क्यावर जायचं. भाची आणि मी घेऊन गेलो. माशांचा वास, टोपल्या, आरडाओरडा, ढकलाढकल. माझगावच्या दिशेला बोट दाखवून म्हणाला, तिथे होती. मी पाहिलं. तिथे पाणी होतं आणि दोन गंजक्या बोटी होत्या. मी "हो" म्हटलं.

रेवसची लाँच सुटायला दहा मिनिटं होती. "जाऊया," तो म्हणाला. भाची घाबरली, गुडघ्यांचं काय, परत कसं यायचं, तिकडे रिक्षा मिळते का. तोपर्यंत त्याने तिकिटांचे पैसे काढून माझ्या हातात दिले होते. दोन पोरांनी त्याला दंडाला धरून आत घेतलं. सगळे जागा पकडायला धावत होते. दादा बसला नाही. एका हाताने खांब धरून मान वर करून छताकडे बघत होता. मी ओरडले, "अरे बस, पडशील."

"थांब गं," म्हणाला. ओठ हलत होते. वर बांधलेली जाकिटं मोजून झाली, मग त्याने वळून माणसं मोजली, आणि मग बसला.